महादेवरावांचं मीटर नागपूरला जातं

गुरुवारी दुपारी पावणेतीनला महादेवरावांच्या मोबाईलवर नागपूरच्या विद्यापीठाचा संदेश आला. एम.ए. इतिहास या वर्गासाठी आपली तात्पुरती निवड झाली असून सोमवारी सकाळी अकरा वाजता मूळ कागदपत्रांसह स्वतः हजर राहावे, अन्यथा जागा प्रतीक्षा यादीतील पुढील उमेदवारास देण्यात येईल. महादेवरावांनी तो तीनदा वाचला. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी 'उमेदवार' म्हणवून घ्यायला कोणालाही बरं वाटेल. 'अन्यथा' हा शब्द मात्र त्यांना लागला. वीज मंडळाच्या ऑफिसात बसून छत्तीस वर्षं त्यांनी तो लोकांना लिहून पाठवला होता. तो उलटा येतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

एम.ए. कशाला, हे विचारून विचारून सगळं नांदुरा दमलं होतं. महादेवराव कोणालाच सांगत नसत, पण कारण साधं होतं. नोकरीत असताना एका लाइनच्या तक्रारीसाठी ते रोहिणखेडला गेले होते. तिथल्या जुन्या मशिदीच्या सावलीत डबा खाताना एका म्हाताऱ्यानं दगडातल्या कोरीव अक्षरांकडे बोट दाखवून विचारलं, "साहेब, तुमी शिकलेले. हे काय लिवलं हाये?" महादेवराव म्हणाले, "पाहून सांगतो." ऑफिसात हे वाक्य ते दिवसातून वीसदा म्हणत, आणि म्हटलेलं विसरायला त्यांना पाच मिनिटं पुरत. हे एक मात्र विसरलं गेलं नाही.

पत्नी रुक्मिणीबाई अंगणवाडी सेविका. त्यांच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. बातमी सांगितली तेव्हा त्या पोरांच्या वजनाचं रजिस्टर भरत होत्या.

"जा," त्या मान वर न करता म्हणाल्या.

परवानगी इतकी झटकन मिळाली की महादेवरावांना संशय आला. तीस वर्षांच्या संसारात असं कधी घडलं नव्हतं.

"पण एक गोष्ट आईका," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "हे कुत्रं तुमच्यासंगं जाईन."

"नागपूरले? अवं, मी शिकाले चाललो!"

"मंग तेही शिकन. इथी ठेवाचं नाही. वैशाखात तुमी अकोल्याले लग्नाले गेलते तं दोन दिवस जेवलं नाही ते. रात्रंदिवस ऊं-ऊं. सारा मोहल्ला दारात. तवा मीच होती ना तोंड द्याले?"

कुत्र्याचं नाव मीटर. महादेवरावांच्या निवृत्तीच्या महिन्यात ऑफिसच्या गोदामात जुन्या मीटरांच्या खोक्यात हे काळं पिल्लू सापडलं. निरोप समारंभात महादेवरावांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि भाषणं चालू असताना पिल्लू त्यांच्या खुर्चीखाली येऊन बसलं. तेव्हापासून महादेवराव जिथं, मीटर तिथं. उजवा कान कायम दुमडलेला, जणू कोणाची तरी तक्रार ऐकायची नाही असं ठरवूनच जन्माला आलेला.

तर सोमवारी अकरा वाजता नागपूर, आणि सोबत कुत्रं. हातात शुक्रवार, शनिवार आणि रविवार, एवढेच दिवस.

बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीत पोहोचली आणि सल्ले यायला लागले. शेजारी दयाराम, निवृत्त तलाठी, स्वतःची खुर्ची घेऊनच आला. दयारामच्या मते जगात अशी अडचणच नव्हती जिच्यावर त्याच्याजवळ दोन उपाय नाहीत.

"हे पाह्य महादेवा. एक तं काळा चष्मा घाल. आंधळ्याचं कुत्रं कुठंबी चालते. रेल्वेत, कॉलेजात, कुठंबी."

"आणि कागदपत्रं कोण वाचून दाखवेल? कुत्रं?"

"मंग दुसरं. मेंढीच्या नावानं बुक कर."

समोरच्या अंबूबाई, बाजारात भाजी विकायच्या. त्यांनी सांगितलं की कापसाच्या ट्रकवर बसवून द्या, कापसात कुत्र्याला झोप चांगली येते. हे त्यांना कोणी सांगितलं ते विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

महादेवराव मात्र कायद्यानं जाणारा माणूस. रेल्वेत गार्डाच्या डब्यात कुत्र्यासाठी पेटी असते, पार्सल ऑफिसात नोंद करावी लागते आणि जनावरांच्या डॉक्टरचा ताजा दाखला लागतो, एवढं त्यांनी त्याच रात्री शोधून काढलं आणि वहीत क्रमांक घालून लिहून ठेवलं.

राहायच्या खोलीचा प्रश्न दयारामच्या साडूनं सोडवला होता. घरमालकीण पुष्पांजलीबाई, निवृत्त नर्स, एकट्या राहायच्या. दयारामनं बजावलं, "बाई लय कडक हाये. फोनवर कुत्र्याचं नाव काढजो नको." महादेवरावांनी शुक्रवारी सकाळी फोन लावला आणि पहिल्याच मिनिटाला नाव काढलं.

"एकटेच राहाल ना?" पुष्पांजलीबाईंनी विचारलं.

"हो. म्हणजे मी आणि मीटर."

"मीटर?"

महादेवरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "हो. आमचं मीटर. ते सोबत आणणं भाग आहे."

"अहो, मीटर तं हाये इथी. वेगळं कायले?"

"ते इथं ठेवता येत नाही, बाई."

"असं होय. बरं झालं बाप्पा. आधीचे पोरं बिलावरून लय भांडत. सोताचं मीटर घेऊन येणारा भाडेकरू पह्यल्यांदा पाहून राह्यली मी. जागा किती लागन त्याले?"

"कोपऱ्यात राहील."

"आवाज करते का?"

महादेवरावांनी डोळे मिटले. "कधीकधी."

"जुनं असन," असं म्हणून पुष्पांजलीबाईंनी फोन ठेवला.

महादेवरावांनी झालेलं बोलणं मनात पुन्हा तपासलं. त्यांनी एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. त्यामुळेच त्यांना जास्त अपराध्यासारखं वाटत होतं. परत फोन करून खुलासा करावा म्हणून त्यांनी चारदा नंबर काढला आणि चारदा ठेवून दिला. खोली गेली तर रविवारी रात्री ते आणि मीटर स्टेशनसमोर उभे राहिले असते.

शुक्रवारची दुपार प्रतिज्ञापत्रात गेली. पदवी आणि पुढचं शिक्षण यांच्यात जेवढी वर्षं मोकळी गेली, तेवढ्या वर्षांचा खुलासा शपथेवर द्यावा लागतो. कोर्टासमोर पत्र्याच्या शेडमध्ये टायपिंगवाले रामराव संगणक मांडून बसत. पाच वाजता नोटरीसाहेब उठत, त्यामुळे तीनपासून शेडमध्ये चेंगराचेंगरी होती.

"किती वर्षांचा गॅप? एक का दोन?" रामरावांनी विचारलं.

"एकोणचाळीस."

रामरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "पोराले झालं काय होतं एवढं?"

"पोरगा नाही. मीच."

रामरावांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. त्यांनी तयार नमुना उघडला, नाव घातलं, आकडे बदलले आणि कागद काढून दिला. महादेवराव वाचायला लागले आणि त्यांचे कान तापले. 'मी सन १९८६ ते २०२५ या कालावधीत प्रकृती अस्वास्थ्यामुळे घरीच होतो व कोठेही नोकरी केलेली नाही.'

"अहो, मी एक दिवस घरी नव्हतो!"

"साहेब, नमुन्यात दोनच कारणं हायेत. आजारपण, नाही तं घरगुती अडचण."

"नोकरी लिहा. मी छत्तीस वर्षं नोकरी केली. ह्या कागदावर सही केली तर उद्या माझं पेन्शन कोण देईल?"

"नोकरीचं कारण नमुन्यात नाही."

"मग नमुना बदला."

मागच्या रांगेतून पोरं ओरडायला लागली. "आजोबा, सही करा ना! आमचा नंबर जाते." महादेवरावांना 'आजोबा' हा शब्द आजपर्यंत कोणी जाहीररीत्या वापरलेला आठवत नव्हता. पावणेपाच झाले. नोटरीसाहेब पेनाला टोपण लावायला लागले. रामरावांनी डोकं खाजवलं, दोन शब्द इकडचे, चार तिकडचे घेतले आणि वाक्य तयार केलं: 'घरगुती अडचणीमुळे शासकीय नोकरी करावी लागली.'

शिक्का बसला तेव्हा पाचला दोन मिनिटं कमी होती. घरी येताना महादेवरावांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. आपल्या आयुष्याबद्दल इतकं खरं कोणी कधी लिहिलं नव्हतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

रात्री जेवायच्या आधी अर्जाची मागची बाजू निघाली. 'पालकाचे नाव, सही व पाल्याशी नाते.' विद्यापीठाच्या मदत क्रमांकावर एका मुलीनं नम्रपणे सांगितलं होतं की सर, कोणताही रकाना रिकामा चालत नाही. आईवडील जाऊन वीस वर्षं झाली होती. महादेवराव पेन घेऊन बसून राहिले.

"आना इकडं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांनी आधी सगळा मजकूर मोठ्यानं वाचला. "'माझ्या पाल्याच्या वर्तनाची सर्व जबाबदारी माझी राहील.' हे तं मी तीस वरसं करूनच राह्यली." आणि सही करून, नात्याच्या जागी स्वच्छ अक्षरात 'पत्नी' लिहून कागद परत केला. महादेवरावांना हे बरोबर वाटलं नाही, पण दुसरं काय बरोबर होईल तेही सुचलं नाही.

शनिवार सकाळ. ढोरांचा दवाखाना एक वाजता बंद होणार होता आणि नंतर थेट सोमवारी उघडणार होता. रविवारी दुपारच्या गाडीला दाखला पाहिजे, म्हणजे आजच पाहिजे. महादेवराव मीटरला साखळी लावून अकरा वाजता दवाखान्यात पोहोचले. सोबत दयाराम होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

डॉक्टर करिष्मा तरुण होत्या. त्या एका म्हशीला इंजेक्शन देत होत्या. म्हशीची सुई पेन्सिलीएवढी. मीटरनं ती पाहिली. मग महादेवरावांकडे पाहिलं. त्या नजरेत जो विश्वासघाताचा आरोप होता, तो महादेवराव पुढं कित्येक दिवस विसरले नाहीत. मीटरनं मान खाली घातली, पट्ट्यातून डोकं काढलं आणि फाटकातून गोळीसारखा बाहेर पडला.

"महादेवा!" दयाराम सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा ओरडला. "मीटर पळालं!"

बाकावर बकरी घेऊन बसलेला एक माणूस लगेच उठला. "आमचंबी लय पळते साहेब! दोन महिने झाले अर्ज देऊन."

"लेखी द्या," महादेवराव सवयीनं म्हणाले आणि रिकामी साखळी हातात घेऊन पळाले.

स्टेशन रोड, कापसाची जिनिंग, भाजीबाजार. वयाच्या साठाव्या वर्षाला टेकलेला, इस्त्रीच्या शर्टातला, गावात ज्याला लोक 'साहेब' म्हणतात असा माणूस साखळी हलवत रस्त्यानं धावतोय आणि दिसेल त्याला विचारतोय, "मीटर दिसलं का?" हे दृश्य नांदुऱ्यात नवीन होतं. कोणी विजेच्या खांबाकडे बोट दाखवलं. एकानं हळूच दुसऱ्याला सांगितलं की रिटायर झाल्यावर काहींना असं होतं. जिनिंगजवळ डाव्या चपलेचा अंगठा तुटला.

सव्वाबारा झाले. महादेवराव एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. रस्त्यावर ट्रक भरधाव जात होते आणि प्रत्येक ट्रक गेला की ते त्याच्या चाकांमागे बघत होते. आणि तिथं बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात आलं की मीटर सापडला नाही तर ते नागपूरला जाणार नाहीत. विद्यापीठ, इतिहास, सगळं जाऊ दे. हे त्यांनी ठरवलं नव्हतं. ते आपोआपच ठरलं होतं, आणि त्याची त्यांना भीती वाटली.

"साहेब, तुमचं काळं कुत्रं पाह्यता का?" डोक्यावर टोपली घेऊन अंबूबाई समोर उभ्या होत्या. "ते तं अंगणवाडीकडं गेलं. रुक्मिणीबाईच्याच मागं."

अंगणवाडीचं दार लोटलेलं होतं. महादेवराव खिडकीशी पोहोचले आणि थबकले. आत पोरं ताटल्या घेऊन रांगेत बसली होती. रांगेच्या शेवटी, एका चिमुरड्या पोरीच्या शेजारी, मीटर बसला होता. रुक्मिणीबाई त्याच्यासमोर उकिडव्या बसून स्वतःच्या डब्यातली भाकर कुस्करून त्याला घालत होत्या. त्या हळू आवाजात बोलत होत्या.

"खाय बाबा, खाय. पळून काऊन राह्यला? तू नाही गेला तं ते माणूस तठी एकटंच राहीन. एकटं असलं का चुलीपाशी जातच नाही ते. चहा अन् बिस्कुटावर दिवस काढते. तुले टाकाचं म्हणून तरी दोन भाकरी थापन, अन् थापल्या का सोताही खाईन. समजलं का? त्याले जेवू घालाले तुले धाडून राह्यली मी. अन् तू पळते?"

मीटरनं त्यांचा हात चाटला.

महादेवराव खिडकीपासून दोन पावलं मागं सरले. त्यांनी मोठ्यानं घसा खाकरला, तुटकी चप्पल मुद्दाम फरशीवर आपटली आणि दार ढकललं.

"कुत्रं आलं का इथी?"

रुक्मिणीबाई एका झटक्यात उठल्या. "घ्या बाई तुमचं हे! पोरायच्या ताटात तोंड घालून राह्यलं. दावं बांधता येत नाही तं पाळता कायले?"

"अवं, पट्टा निसटला."

"निसटनच. जा लवकर, दवाखाना बंद होते."

दवाखान्यात पोहोचले तेव्हा डॉक्टर करिष्मा कुलूप हातात घेऊन उभ्या होत्या. एकला पाच कमी. या खेपेला महादेवरावांनी मीटरचे डोळे स्वतःच्या हातानं झाकले. सुई टोचली आणि ओरडले महादेवराव. डॉक्टरांनी फॉर्म भरायला घेतला.

"जात?"

"देशी."

"गावठी लिहिते."

"देशी लिहा, मॅडम. गावठी त्याला कळतं."

डॉक्टरांनी देशी लिहिलं. "मालकाचा व्यवसाय?"

महादेवरावांनी आवाज खाली आणला. "विद्यार्थी."

डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा तुटक्या चपलेकडे पाहिलं, आणि तेच लिहिलं.

रविवारी मुक्कामाला लागणारं सगळं एका मोठ्या बॅगेत आणि कागदपत्रं काखेतल्या फाइलमध्ये, अशी तयारी झाली. रुक्मिणीबाई स्टेशनवर आल्या नाहीत. त्यांनी दारातच डबा हातात दिला. "पोचले का फोन करा," एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन भांडी घासायला बसल्या. भांडी सकाळीच घासून झाली होती.

पार्सल ऑफिसात कुत्र्याचं वजन करायचं होतं. मीटर काट्यावर उभा राहीना. शेवटी पार्सलबाबूंनी सुचवलं की तुम्ही त्याला उचलून उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करू. महादेवरावांचं वजन फलाटावरच्या हमालांसमोर मोठ्यानं वाचलं गेलं. एक हमाल म्हणाला, "साहेब, तुमचंच पार्सल जड हाये." महादेवरावांनी ऐकलं नाही असं दाखवून पावती खिशात ठेवली.

आता खरी कठीण वेळ होती. गाडी नांदुऱ्याला दोन मिनिटं थांबते. महादेवरावांचं रिझर्व्हेशन पुढच्या डब्यात आणि गार्डाचा डबा अगदी शेवटी. दयारामनं योजना आखली: तो बॅग घेऊन पुढं चढेल, जागेवर ठेवेल आणि उतरेल, महादेवराव मीटरला पेटीत घालतील आणि जो डबा समोर येईल त्यात चढून आतून पुढं जातील. योजना चांगली होती. महादेवरावांना त्याचीच काळजी वाटत होती.

गाडी आली. गार्डानं पेटीचं दार उघडलं. मीटरनं चारी पाय दाराच्या चौकटीला लावले. महादेवरावांनी ढकललं, गार्डानं ओढलं, हमालानं मागून शेपटी सांभाळली. पहिलं मिनिट गेलं. महादेवरावांनी स्वतः पेटीत डोकं घातलं आणि आतून हाक मारली, "ये बाबा, मी हाओ ना इथी." मीटर विश्वासानं आत आला. महादेवरावांनी डोकं बाहेर काढलं आणि दार लागलं. त्या कृत्याबद्दल त्यांनी स्वतःला पुढं क्षमा केली नाही.

शिट्टी झाली. महादेवराव वळले, उघडं दार शोधत चार डबे पुढं धावले, आणि काखेतली फाइल निसटली.

पदवी, गुणपत्रिका, एकोणचाळीस वर्षांचं प्रतिज्ञापत्र, पत्नीच्या सहीचा अर्ज, सगळं फलाटावर पसरलं आणि सुटणाऱ्या गाडीच्या वाऱ्यानं उडायला लागलं. महादेवराव गुडघ्यांवर बसून कागद गोळा करत होते आणि डब्यामागून डबा त्यांच्या शेजारून जात होता. पदवी एका माणसाच्या चपलेखाली होती. ती सोडवून ते उभे राहिले तेव्हा शेवटचा डबा समोरून गेला, आणि त्यातून एक ओळखीचं केकाटणं ऐकू आलं.

मीटर गेला. आणि पुढच्या डब्यात बॅग नीट वरच्या फळीवर बसवण्याच्या नादात दयारामही गेला.

अर्ध्या तासानं दयारामचा फोन आला, शेगावहून. "बॅग घेऊन उतरलो बे! पायजम्यावर हाओ मी! गार्ड म्हणते कुत्रं पावतीवाल्यालेच देईन. तोंड पाडून बसलं हाये ते महादेवा." पुढची गाडी संध्याकाळी होती आणि नागपूरला पहाटे पोचत होती. म्हणजे मीटर संध्याकाळी सहापासून पहाटेपर्यंत अनोळखी शहरात, पेटीत, पाण्यावाचून.

नागपुरात महादेवरावांच्या ओळखीचं एकच माणूस होतं. त्यांनी नंबर लावला.

"बाई, मी महादेवराव. माझी गाडी चुकली. पण मीटर पुढं आलं आहे. सहा वाजता स्टेशनवर उतरेल."

"पार्सलनं धाडलं का? बरं केलं."

"तुम्ही जरा जाल का? त्याला पाणी पाजावं लागेल."

"मीटरले?"

"बाई, ते कुत्रं आहे."

पलीकडे त्यांनी कोणाला तरी 'थांब जरा' म्हटलेलं ऐकू आलं.

"महादेवराव," पुष्पांजलीबाई म्हणाल्या, "इथी इलेक्ट्रिशियन येऊन बसला हाये. बोर्ड खोलून. तुमच्या मीटरसाठी."

"माझी चूक झाली."

फोन कट झाला. त्यानंतर त्यांनी सहा वेळा लावला. कोणी उचलला नाही.

संध्याकाळच्या गाडीत शेगावला दयारामनं दारातून बॅग आत ढकलली आणि पुढचे दोन सल्ले गाडी सुटल्यामुळे फलाटावरच राहिले. महादेवरावांनी डबा उघडला नाही. रात्रभर ते बसून होते.

पहाटे नागपूरच्या पार्सल ऑफिसात ते धावतच शिरले. पोत्यांच्या आणि खोक्यांच्या मधोमध पेटी होती. पेटीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर स्वेटर घातलेली एक उंच बाई ताठ बसली होती. पेटीच्या जाळीतून एक दुमडलेला कान दिसत होता, आणि जाळीला लावून ठेवलेलं स्टीलचं भांडं अर्धं रिकामं होतं.

"पावती नाही म्हणून सोडत नाहीत," पुष्पांजलीबाई म्हणाल्या. "बरोबरच हाये त्यायचं. मंग मी बसली."

"रात्रभर?"

"तीस वरसं नाईट ड्युटी केली. ते रडत होतं. रडणारा पेशंट सोडून जाता येते का?"

पेटी उघडली. मीटर महादेवरावांच्या अंगावर असा आला की ते पोत्यावर बसले. चष्मा पडला. तो उचलायचं भान दोघांनाही नव्हतं.

"कुत्रं अंगणात राहीन, घरात नाही," पुष्पांजलीबाई म्हणाल्या. "अन् पुढं मले खोटं बोलू नका."

"बाई, मी एक शब्द खोटं बोललो नव्हतो."

"म्हणूनच जास्त राग आला."

अकराला दहा कमी असताना महादेवराव विद्यापीठाच्या खिडकीशी उभे होते. खिडकीत अविनाश नावाचा तरुण कारकून होता. त्यानं पदवी उलटीपालटी केली. "यावर चपलेचा ठसा आहे."

"मूळ प्रत आहे," महादेवराव म्हणाले.

प्रतिज्ञापत्र त्यानं दोनदा वाचलं आणि बाजूला ठेवलं. मग त्याचं बोट थांबलं. "पालक, पत्नी? असं चालत नाही काका. आई, वडील किंवा मोठं कोणी."

"मोठं कोणी उरलं नाही."

मागं रांग होती. घड्याळात अकरा वाजून गेले. महादेवरावांना आपलाच शब्द आठवत होता, 'अन्यथा'. त्यांनी खिडकीला हात टेकले. "एकदा त्यांच्याशी बोलून घ्या. फोन लावतो."

फोन स्पीकरवर लागला. मागं अंगणवाडीतल्या पोरांचा कलकलाट होता.

"तुम्ही महादेवरावांच्या पालक?" अविनाशनं विचारलं.

"हाव," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "काय केलं त्यायनं?"

रांगेतली पोरं हसली. महादेवरावांनी खाली बघितलं.

"काही नाही. वर्गात पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते. तुम्ही हमी देता का?"

"हजेरी? अहो दादा, पोराच्या बारशाले तीन घंटे उशिरा आलं हे माणूस. काऊन, तं ऑफिसात मीटिंग होती; ऑफिस कधी चुकवलं नाही त्यायनं. आमी पाळण्यात पोरगं घालून वाट पाह्यत बसलो. हजेरीची फिकीर करू नका तुमी. फक्त एक करा."

"काय?"

"दुपारी डबा खाल्ला का, तेवढं विचारत जा त्यायले."

अविनाशनं मान खाली घातली. बराच वेळ तो शिक्क्याची शाई शोधत होता. मग त्यानं शिक्का मारला, कागद आत ओढला आणि म्हणाला, "डबा आणलाय का, काका?"

"आहे," महादेवराव म्हणाले. तो कालचाच होता. त्यांनी तो बाहेर झाडाखाली बसून संपवला.

संध्याकाळी पुष्पांजलीबाईंच्या अंगणात एका शेगडीवर महादेवरावांनी आयुष्यातली पहिली भाकर थापली. ती तव्यावर पोचायच्या आत तीन ठिकाणी फाटली. मीटरनं ती हुंगली, विचार केला आणि खाल्ली. दुसरी महादेवरावांनी खाल्ली. मग त्यांनी घरी फोन लावला.

"झालं सगळं. प्रवेश पक्का."

"कळलं मले सकाळीच. जेवलं का कुत्रं?"

"जेवलं."

"अन् तुमी?"

"मीही जेवलो. भाकर केली."

महादेवरावांनी वाट पाहिली. "रुक्मिणी?"

"आईकून राह्यली."

"बोल ना काही मंग."

"काय बोलू? अंगणवाडीतून आली तं दारात कोणीच नाही आलं पायात. घर कसं मोठं मोठं वाटून राह्यलं."

"मी येतो शनिवारी."

"नका येऊ. आत्ताच तं लागले वर्गाले." मग त्या म्हणाल्या, "मीच येते रविवारी. सकाळच्या गाडीनं. दोघायलेबी पाहून जाते."

महादेवरावांनी फोन ठेवला. मीटर शेगडीजवळ पाय पसरून झोपला होता. त्यांनी परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं, पाणी घातलं आणि पुन्हा थापायला बसले. रविवारला सहा दिवस होते, आणि तोपर्यंत भाकर गोल यायलाच पाहिजे होती.